मुलगा मेलबर्नला असतो

माझ्या बायोडेटात मेलबर्नच्या एका विद्यापीठाची बिझनेस मॅनेजमेंटची पदवी आहे. त्यामुळे अंधेरीतल्या कुठल्याही ऑफिसात मुलाखतीला गेलो की समोरचा माणूस खुर्चीत मागे रेलतो आणि हौसेने विचारतो, "मग, कसं काय आहे मेलबर्न?" मी सांगतो, "थंडी फार." खोटं नाही ते. जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, मी स्वेटर घालूनच लेक्चरला बसायचो. घामाने बनियन अंगाला चिकटायचं, पण स्वेटर काढायची परवानगी नव्हती. कारण मेलबर्न आमच्या जोगेश्वरीच्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये होतं आणि तिथला व्हिसा ऑफिसर, कुलगुरू, हवामान खातं, जे काय म्हणाल ते सगळं माझे बाबा होते.

बाबा आता नाहीत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की मला आधी हसू येतं, मग राग येतो आणि शेवटी रडू येतं. आई म्हणते, "हसतंस थंयच थांब रे." जमत नाही.

बाबांची अख्खी नोकरी सहारला विमानतळाच्या कार्गोत गेली. लोकांचे आंबे, लोकांची लोणची, लोकांचे कपडे दुबईला न् लंडनला पाठवण्यात माणसाचे केस पिकले. स्वतः कधी विमानात बसले नाहीत. त्यांचा लांबचा प्रवास म्हणजे मालवण. जोगेश्वरीवरून विमान गेलं की जेवतानासुद्धा मान वर करायचे आणि सांगायचे, "गल्फचं आहे." खरंखोटं कोण बघतंय! आपल्या घरातला एक तरी नग तिकडे उतरला पाहिजे, हे त्यांनी मी शाळेत असल्यापासून ठरवून टाकलं होतं. घरात नग एकच होता, मी.

मला प्रवेश मिळाला तेव्हा तर त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. तिकीट मार्चअखेरचं. मार्चच्या सुरुवातीला सोसायटीची सर्वसाधारण सभा होती, तर सेक्रेटरी म्हणाले, त्यातच सत्कार उरकून घेऊ. पाण्याची गळती, पार्किंगचं भांडण आणि मग माझा सत्कार. शाल, नारळ, वेफर्स, बटाटेवडे. सेक्रेटरींनी भाषण केलं, की आपल्या इमारतीतून शिकायला परदेशी जाणारा हा पहिला मुलगा. मग बाबांना उभं केलं. त्यांनी भाषण पाठ केलं होतं, पहाटे गॅलरीत पुटपुटताना मी ऐकलं होतं. उभे राहिले आणि सगळं विसरले. "माझा मुलगा शिकायला मेलबर्नला चाललाय," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या मात्र सेक्रेटरींपेक्षा जास्त पडल्या. बाबांना आयुष्यात पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आधी तिकडच्यांनी त्यांची दारं लावली, मग आपण आपली. विमानं बंद. विद्यापीठाचा निरोप आला, की वर्ग ऑनलाइन सुरू होतील, सीमा उघडल्या की या, नाहीतर पुढच्या वर्षी प्रवेश घ्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. बाबा ऐकायला तयार नाहीत.

"सत्कार घेतलाय आपण."

"बाबा, विमानच रद्द झालंय!"

"विमान रद्द झालंय. तुझं जाणं नाही."

ज्या दिवशी माझं विमान सुटायचं होतं त्या दिवशी त्यांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. आईला दह्याची वाटी आणायला लावली. माझ्या हातावर दही ठेवलं, मला देवाला नमस्कार करायला लावला आणि माझी भरलेली सुटकेस स्वतः उचलून हॉलमधून बेडरूममध्ये नेऊन ठेवली. मला हसू आवरेना. आई पदर तोंडाला लावून हसत होती. बाबा हसत नव्हते. "नीट राहा," म्हणाले आणि बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

मला वाटलं, एक दिवसाची गंमत आहे, करू दे. ती गंमत वर्षभर चालली.

बेडरूममधलं घड्याळ त्यांनी साडेचार तास पुढे केलं. आमचे सकाळचे आठ म्हणजे माझे साडेबारा. आठच्या ठोक्याला बाबा स्वयंपाकघरात हजर. "पोराला वाढ. जेवायची वेळ झाली त्याची." आई बिचारी सकाळी सातला कोळंबीची आमटी करायची. संध्याकाळी शेजारीपाजारी चहा घेत असायचे तेव्हा माझ्या खोलीतला दिवा घालवायला बाबा येत. "झोप. नऊ वाजून गेले." बाहेर उजेड लख्ख.

गॅलरीत उभं राहायचं नाही. जिन्यात जायचं नाही. कचरा टाकायला तर नाहीच नाही. "लोकांनी नारळ दिलाय तुला. उद्या हातात कचऱ्याचा डबा घेऊन दिसलास तर काय म्हणतील?" आता चारशे चौरस फुटांच्या घरात पाच फूट दहा इंचाचा मुलगा लपतो होय? अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. समोरच्या काकूंनी एकदा मला गच्चीवर पकडलं आणि म्हणाल्या, "काय रे, सुट्टीवर आलायस?" मी म्हटलं, "हो काकू, दोन मिनिटांच्या." पण बाबांसमोर कधी कोणी चकार शब्द काढला नाही. "मुलगा कसा आहे तिकडे?" असंच विचारायचे सगळे. जोगेश्वरीची माणसं तोंडाला फटकळ, तरी इतकी वागली. त्याचं मला अजून नवल वाटतं.

दर रविवारी बाबा मला फोन करायचे. व्हिडिओ कॉल. हॉलमध्ये सोफ्यावर बसून बेडरूममध्ये. मधे एक भिंत. त्यांचा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग फोनमधून. "जेवलास?... जेवलास?" "हवा कशी आहे?... हवा कशी आहे?" आई कपाळाला हात लावायची. "अहो, चार पावलांवर बसलेल्या झिलाक कसलो फोन करतास?" बाबा तिला हाताने गप्प करायचे. तिकडे पाऊस पडतोय का, हे ते आधीच मोबाइलवर बघून ठेवायचे आणि मी "ऊन आहे" म्हटलं की नाराज व्हायचे.

अभ्यासाचं म्हणाल तर आमचा चौघांचा एक गट होता. एक मुलगी काठमांडूची, एक मुलगा कोलंबोचा, एक मुलगी व्हिएतनामची आणि मी. कागदोपत्री चौघंही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी, आणि चौघंही आपापल्या आईच्या घरात. मार्केटिंगचे सर मेलबर्नला स्वतःच्या घरात कोंडलेले. ते सोमवारी विचारायचे, "शनिवार-रविवार काय केलंत?" आम्ही चौघंही वहीत डोकं घालायचो. मग मागून कोंबडा आरवायचा, तो काठमांडूचा.

बाबा प्रत्येक लेक्चरला असायचे. दाराजवळ जमिनीवर मांडी घालून, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने. इंग्रजी त्यांना पुरतं कळत नव्हतं, पण सर हसले की हसायचे. एकदा सरांनी काम दिलं, की घराजवळच्या सुपरमार्केटात जा, वस्तू कशा मांडल्यात ते बघा, माणसाचा हात आधी कुठे जातो त्यावर लिहा. मी म्हटलं, सोपं आहे, खाली वाण्याकडे जातो. बाबांनी वाट अडवली. "वाणी जोगेश्वरीत आहे. तू कुठे आहेस?"

"बाबा, प्लीज."

"थांब."

दोन तास स्वयंपाकघरात खडखडाट. मग एकेक करून सगळे डबे माझ्या खोलीत आले. कपाटातली माझी पुस्तकं पलंगाखाली गेली आणि तिथे मांडणी झाली. खालच्या फळीवर तांदूळ न् पीठ, मधे साबण न् बिस्किटं, वर कोकमाचं आगळ, कुळथाची पिठी, सांडगी मिरची. "ही इम्पोर्टेड," बाबा म्हणाले. एका बाजूला पाटावर स्वतः बसले, कॅशियर. समोर टेप लावून ठेवलेली, अंतर राखायला. तेवढ्यात आईने फोडणीला तेल तापत ठेवलं आणि तिचा आवाज आला, "माझी मोहरी खंय गेली?" आत आली, बघते तर हे सुपरमार्केट. "तुमका काय येड लागलाहा काय?" बाबा शांतपणे म्हणाले, "टेपच्या मागे उभी राहा. काय हवंय मॅडम?" आई त्या दिवशी इतकी चिडली, की रात्री खिचडी झाली, तीसुद्धा फोडणीशिवाय. पण मी लिहिलं त्याच मांडणीवर. मोहरीसाठी आलेलं गिऱ्हाईक आधी साबणाला धडकतं, असं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. बाबा दाराशी बसून दोन्ही हातांनी गुडघे दाबत होते. टाळी वाजवली तर आवाज ऐकू जाईल म्हणून.

असे ते होते. रागवायचं तरी कसं?

तरी मी रागावलो. गणपतीत रागावलो. दर वर्षी आम्ही गावी जायचो, त्या वर्षी जाता आलं नाही, म्हणून घरीच दीड दिवसाचा बसवला. हॉलमध्ये मखर, आणि दर्शनाला सोसायटीतली दोन-चार माणसं येणार. बाबा म्हणाले, "तू आतूनच आरती कर. मी फोनवर दाखवतो." मी बेडरूमच्या दारामागे उभा. बाहेर सेक्रेटरींची टाळी, बाबांचा बसका आवाज, आईच्या हातातली घंटी. माझ्या हातात फोन, त्यात तोच गणपती, थोडा मागाहून हलणारा. आरती संपल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मुलगा नाही या वर्षी?" बाबा म्हणाले, "मुलगा मेलबर्नला असतो ना. आत्ता झोपला असेल." सेक्रेटरींनी आदल्याच दिवशी मला खिडकीतून हात केला होता. ते म्हणाले, "हो हो, मेहनत फार असते तिकडे."

माणसं गेल्यावर मी दार उघडून बाहेर आलो आणि ओरडलो. "मी इथे आहे! जोगेश्वरीत आहे! माझ्या घरातल्या गणपतीला मला हात जोडू देत नाही तुम्ही, हा काय प्रकार आहे?" आई रडायला लागली. बाबा मखराचे दिवे नीट करत राहिले. मग म्हणाले, "एवढी वर्षं लोकांची खोकी पाठवली मी. एकावर पण माझं नाव नव्हतं. तू गेलास असं एकदा होऊ दे. मग काय ते म्हण." आणि त्यांनी माझ्या हातात मोदक ठेवला. मी खाल्ला आणि आत गेलो. मेलबर्नला.

त्यांना दुसरं काहीच नको होतं हो. मी गेलो, एवढंच व्हायला हवं होतं. बाकी मी नोकरी करतो की नाही, घर घेतो की नाही, याबद्दल त्या माणसाने एक शब्द कधी विचारला नाही.

दुसऱ्या लाटेत बाबांना ताप आला. कुणाकडून, कसा, देव जाणे. श्वास लागायला लागला तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलावली. मी सोबत चढायला गेलो तर ड्रायव्हर म्हणाला, पेशंट एकटाच. भर दुपारी, सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या, मी गेटवर उभा. आत स्ट्रेचरवरून बाबांनी मला हाताने खूण केली, आत जा. मला वाटलं, संसर्ग होईल म्हणून सांगतायत. आता वाटतं, लोक बघतायत म्हणूनही असेल.

कोविड सेंटरच्या नोंदीत बाबांनी फक्त आईचा नंबर दिला होता, हे मला नंतर कळलं. आईलाही ताप होता, ती घरी. मी सेंटरच्या गेटवर, बाकीच्या नातेवाइकांबरोबर, कापडी मांडवाखाली. पिशवीवर बाबांचं नाव लिहून पेजेचा थर्मास आत पाठवायचो, रिकामा परत यायचा. वरच्या सिस्टर एकेका पेशंटला व्हिडिओ कॉल लावून देत होत्या. गेटवर कुणाचा ना कुणाचा फोन वाजायचा आणि तो माणूस कोपऱ्यात जाऊन बोलायचा, रडायचा. माझा वाजत नव्हता. मला वाटायचं, पेशंट फार आहेत, येईल आपला नंबर.

एका दुपारी सिस्टरने आईला फोन केला. "काकू, काका रोज सांगतात, मुलगा मेलबर्नला असतो, त्याला कळवू नका, परीक्षा आहे त्याची. आम्ही कॉल लावतो म्हटलं तर म्हणतात, नको, तिकडे रात्र आहे, झोपू दे. मुंबईत दुसरं कोणी नाही का तुमचं? ऑक्सिजन उतरतोय हो." आई फोनवरच ओरडली, "अगो बाय माझ्या, तो तुमच्या गेटार बसलोहा!"

सिस्टर स्वतः खाली आली. बोलण्यावरून मराठवाड्याकडची असावी. किटमध्ये फक्त डोळे दिसत होते. "तुम्हीच का ते मेलबर्न?" मी मान हलवली.  मग म्हणाली, "नियमात बसत नाही. पण चला. पाच मिनिटं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. पदवी मी पुरी केली. त्याचा समारंभही ऑनलाइनच झाला, आईने आणि मी हॉलमध्ये बसून पाहिला. शेवटच्या सत्राच्या आधी तिकडच्या सीमा उघडल्या, विद्यापीठाने या म्हणून कळवलं. आई म्हणाली, जा. सेक्रेटरीसुद्धा घरी येऊन म्हणाले, जा रे. मी नाही गेलो. आईला एकटं टाकवेना, हे एक कारण. दुसरं असं, की पाठवणारा माणूसच राहिला नव्हता आणि त्याच्या लेखी मी जाऊन आलेलो होतो.

ते पाच मिनिटांचं सांगतो.

मलाही किट घातलं. लांबलचक वॉर्ड, पंख्यांचा आवाज, कोपऱ्यातला पलंग. बाबा एवढे लहान दिसत होते. सिस्टर मोठ्याने म्हणाली, "काका, बघा कोण आलंय. मुलगा आलाय तुमचा." त्यांनी डोळे उघडले. काचेआडून माझे डोळे शोधले आणि ओळखलं. मास्क थोडा बाजूला करत म्हणाले, "विमानं सुरू झाली?"

माझ्या तोंडावर आलं होतं, बाबा, मी रिक्षाने आलोय. जोगेश्वरीहून. बाहेरच बसलो होतो इतके दिवस. मी म्हटलं, "हो बाबा. झाली."

त्यांना आधी आनंद झाला. दिसला मला. आणि मग एकदम चेहरा पडला. "परीक्षा?"

"आहे."

"टाकून आलास?" डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्यासाठी? एवढ्या लांबून? सगळं टाकून?" श्वास जोरजोरात वर-खाली होऊ लागला, मशिन वाजायला लागलं. सिस्टर धावत आली, बोलू नका म्हणाली. ते ऐकेनात. सलाईन लावलेला हात उचलून मला ढकलत होते. "परत जा. आत्ता जा. थांबू नको."

बाबांजवळ बसायला मी कितीतरी दिवस त्या गेटवर काढले होते. आणि जवळ गेलो तर त्यांना मी जायला हवा होतो.

"टाकून नाही आलो बाबा," मी म्हटलं. "सुट्टी घेऊन आलोय. लगेच निघतो."

"नक्की?"

"नक्की. जातो."

त्यांनी मान हलवली. नाही, नाही. मला कळेना. ओठ हलत होते, मी कान जवळ नेला. "जातो म्हणू नये," बाबा म्हणाले.

"येतो बाबा."

तेव्हा कुठे ते शांत झाले. मी चादरीवरून त्यांच्या पायांना हात लावला. मशिनचा आवाज थांबला. सिस्टरने मास्क नीट केला.

शेजारच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते. इतके दिवस बाबांच्या तोंडून त्यांनी माझं कौतुक ऐकलं असणार. ते उशीवरून मान वळवून म्हणाले, "मेलबर्नहून आलात ना? अहो, मग थांबा की दोन दिवस. बापाला बरं वाटेल."

मी बाबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते, पण ते ऐकत होते, मला ठाऊक आहे.

"थांबलो असतो काका," मी बाबांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, "पण मला जायला हवं. तिकडे माझं कॉलेज सुरू आहे."

आणि मी निघालो.